पोळी सुटली, पण गहू सुटला का?

ग्लुटेनवर्ज्य पथ्याचा घरगुती विचार आणि आपल्या औषधालयाची जबाबदारी

दीर्घकालीन ग्रहणीचा रुग्ण वैद्याच्या ज्ञानाची जितकी परीक्षा पाहतो, त्याहून अधिक त्याच्या चिकाटीची पाहतो. कुटज, बिल्व, पर्पटीकल्प, तक्र असा क्रम नीट चालू असतो; रुग्ण चार-सहा आठवडे बरा राहतो आणि पुन्हा पहिल्याच तक्रारी घेऊन दारात उभा राहतो. अशा वेळी आपण औषध बदलतो, अनुपान बदलतो, क्वचित रुग्णाच्या पथ्यपालनाविषयी शंका घेतो. अशाच एका रुग्णेने गेल्या काही वर्षांत मला जे शिकवले, ते वाचक वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषध व्यावसायिकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती यथास्थळी सांगेन.

रुग्णा रामटेक तालुक्यातील एका खेड्यातील गृहिणी, वय चौतीस. कित्येक वर्षे मलप्रवृत्ती कधी द्रव, कधी बद्ध, पोट फुगलेले, तोंडात वारंवार व्रण, आणि कोणत्याही लोहकल्पाला दाद न देणारा पांडू. आठ महिने माझी चिकित्सा चालली. मंडूर देऊनही रक्त वाढेना आणि वजन उतरतच राहिले, तेव्हा तिला नागपूरला तज्ज्ञांकडे पाठविले. रक्ततपासणीत टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिपिंडे पुष्कळ वाढलेली आढळली. दुर्बिणीतून काढलेल्या लघ्वन्त्राच्या तुकड्यात अन्नरस शोषणारे अंकुर सपाट झालेले दिसले. निदान झाले सीलिअ‍ॅक व्याधीचे. गहू कायमचा बंद करावयाचा, असे सांगून तिला परत पाठविण्यात आले.

पहिल्या चार महिन्यांत तिने चांगली उचल खाल्ली. भूक लागू लागली, वजन वाढले. मग गाडे अडले. सहाव्या महिन्यातील तपासणीत प्रतिपिंडे उतरली होती खरी, पण अपेक्षेपेक्षा बरीच वर होती. “डॉक्टरसाहेब, पोळीचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही जी,” असे ती डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. ती खरे बोलत होती. पोळी सुटली होती. गहू मात्र सुटला नव्हता.

व्याधीचे स्वरूप

गव्हात जे चिकट प्रथिन असते, त्यास ग्लुटेन म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच डिंक किंवा सरस असा आहे. कणीक लांबते, पोळी पदर धरते, ती या प्रथिनामुळे. गोधूमाच्या गुणांत आपल्या ग्रंथकारांनी गुरू, स्निग्ध, बृंहण यांबरोबर संधानकर हा गुण सांगितला आहे, हे येथे सहज आठवते. जव व राय या धान्यांतही याच कुळातील प्रथिने असतात. जनुकीय प्रवृत्ती असलेल्या काही व्यक्तींत ही प्रथिने शरीराच्या संरक्षक यंत्रणेला चिथावतात आणि ती यंत्रणा स्वतःच्याच लघ्वन्त्राच्या अस्तरावर उलटते. यामुळे लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांचे शोषण मंदावते. केवळ अतिसार हेच याचे लक्षण नाही. न वाढणारे मूल, वारंवार गर्भस्राव, अकाली अस्थिक्षय, कारण न सापडणारा पांडू, कोपर-गुडघ्यांवरील खाजरे फोड या रूपांनीही हा व्याधी समोर येतो.

गव्हाशी असलेला हा संबंध प्रथम नि:संशयपणे मांडला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली व पाव मिळेनासा झाला. त्या काळात अशा बालकांविषयी त्यांचे आधीचे निरीक्षण अधिकच दृढ झाले आणि १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध सादर केला.

ग्रहणी आणि सीलिअ‍ॅक यांना एकच मानण्याची घाई करू नये, असे माझे नम्र मत आहे. ग्रहणी ही अग्निदुष्टीवर आधारलेली व्यापक संज्ञा आहे. सीलिअ‍ॅक हा तिच्या लक्षणसमूहात दडून बसणारा एक विशिष्ट व्याधी आहे. हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा ठरतो. सामान्य ग्रहणीत दीपन-पाचनाने अग्नी सुधारल्यावर रुग्णाला क्रमाने गुरू आहाराकडे नेता येते. सीलिअ‍ॅकमध्ये अग्नी कितीही प्रदीप्त झाला, भूक कितीही चांगली लागली, तरी गहू पुन्हा सुरू करता येत नाही. लक्षणे न दिसताही अस्तराचा नाश चालू राहतो. ग्लुटेन पचवून निरुपद्रवी करील असे कोणतेही सिद्ध औषध आजमितीस ना आपल्याकडे आहे, ना आधुनिकांकडे. येथे निदानपरिवर्जन हीच चिकित्सा, आणि तीही यावज्जीव.

प्रथम तपासणी, मग पथ्य

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक वाटते. अनेक वैद्य संशय येताच गहू बंद करवितात. रुग्णाला बरे वाटते आणि प्रकरण तेथेच थांबते. परंतु गहू सोडल्यावर प्रतिपिंडे उतरू लागतात व अस्तर भरून येऊ लागते. पुढे तपासणी केली तर ती खोटी निर्दोष येऊ शकते. मग रुग्णाला आयुष्यभराचे कडक पथ्य सांगण्यास आधार राहत नाही. म्हणून संशय आल्यास रुग्ण गहू खात असतानाच प्रतिपिंडांची तपासणी करवावी व गरजेनुसार तज्ज्ञांकडे पाठवावे. निदान पक्के झाल्यास आई-वडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी सुचवावी, कारण रक्ताच्या जवळच्या नात्यात हा व्याधी अधिक आढळतो. याउलट, ज्याला हा व्याधी नाही त्याने केवळ चालू प्रवाह म्हणून ग्लुटेनवर्ज्य आहार घेण्याने काही विशेष साधत नाही.

भाताच्या मुलखातील गहू

“हा पंजाबकडचा रोग, आपल्याकडे कुठला?” असे विचारले जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय सर्वेक्षणात २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. त्यात या व्याधीचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के व दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. दररोजचे गहू-सेवन उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, तर ईशान्येत ३७ व दक्षिणेत २५ ग्रॅम होते. गहू कमी म्हणजे व्याधी कमी, इतका सरळ हिशेब यातून निघत नाही, हे ईशान्येच्या आकड्यावरून दिसतेच. पण भात खाणाऱ्या मुलखात हा व्याधी नसतो, हा समज तरी त्याने मोडीत निघतो.

आमचा भाग मुळात भाताचा. पेंच प्रकल्पाच्या पाण्यावर रामटेक, पारशिवनी, मौदा या तालुक्यांत धान पिकतो. पुढे भंडारा-गोंदियाकडे तर धानाचेच राज्य आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत दोन्ही वेळा भात आणि सणाला पोळी असा क्रम होता. आता शिधापत्रिकेवरील धान्यात गहू घरोघरी येतो, मुलांच्या डब्यात पोळी असते, चहाबरोबर टोस्ट-बिस्किट असते आणि दिवसातून चार वेळा गहू पोटात जातो. म्हणून या मुलखातील रुग्णाला पथ्य सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगावी: तुला काही परके अन्न खायचे नाही, आजीच्या ताटाकडे परत जायचे आहे. या एका वाक्याने रुग्णाचे अर्धे दडपण उतरते.

स्वयंपाकघरात काय आढळले

सहाव्या महिन्यातील तपासणीनंतर मी त्या रुग्णेच्या घरी गेलो. दवाखान्यात बसून दहा वेळा प्रश्न विचारून जे कळले नव्हते, ते तिच्या चुलीपाशी अर्ध्या तासात कळले.

पहिली गोष्ट गिरणीची. तिच्यासाठी ज्वारी दळून येत होती, पण गावातील एकमेव गिरणीवर. आधी कुणाचा तरी गहू दळलेला असे आणि त्याच पात्यांतून तिची ज्वारी निघे. दोन-चार किलोच्या दळणात मागच्या गव्हाचे पीठ सहज मिसळते.

दुसरी गोष्ट पोळपाटाची. घरात सहा माणसे. पाच जणांच्या पोळ्या करणारी तीच. कणीक तिम्बायची, पिठी लावून लाटायची, हवेत पीठ उडायचे आणि त्याच तव्यावर शेवटी तिची भाकर. तोच पोळपाट, तेच फडके, तोच उलथना.

तिसरी गोष्ट कुरडईची. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया ती भाजीऐवजी तळून खात होती. सासूबाईंचे म्हणणे असे, “कुरडई तर चिकाची हाय जी, त्यात गहू कुठं राह्यला?” गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून चीक काढला तरी त्यात प्रथिनाचा अंश उरतोच. हीच गत शेवयांची, सरगुंड्यांची, रोडग्यांची आणि पानग्यांची. हे पदार्थ गव्हाचेच आहेत, हे ज्यांना ठाऊक असते त्यांनाही ‘पोळी बंद’ या सूचनेत ते येतात असे वाटत नाही. म्हणून रुग्णाला पदार्थांची नावे एकेक करून सांगावी लागतात: रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडई, सरगुंडे, पाव, बिस्किट, टोस्ट, खारी, सामोसा, नूडल्स. सातूचे पीठही वर्ज्य. आपल्याकडे ते बहुधा गहू व डाळीचे असते आणि खऱ्या सातूचे, म्हणजे जवाचे, असले तरी ते चालत नाहीच. माल्ट घातलेली दुधात मिसळावयाची पेये जवापासून बनतात, तीही वर्ज्य. ओटमध्ये गव्हाची भेसळ फार आढळते. ग्लुटेनमुक्त असल्याची खात्री नसल्यास ते टाळणेच बरे.

यावर उपाय घरातच निघाला. माळ्यावरचे जुने जाते खाली उतरले. ते धुऊन, वाळवून, आधी दोन मुठी तांदूळ दळून टाकून दिले आणि मग त्यावर केवळ तिचेच दळण होऊ लागले. ज्या घरी जाते नाही तेथे घरघंटी किंवा चांगला मिक्सर याच कामासाठी राखून ठेवावा. बेसनही बाजारातून न आणता हरभऱ्याची डाळ घरी दळावी.

दुसरा उपाय सांगताना मला उपवासाचा फार उपयोग झाला. उपवासाच्या दिवशी कोणते भांडे चालते, कोणते चालत नाही, साबुदाण्याच्या खिचडीचा झारा वरणात का घालायचा नाही, हे घरातील प्रत्येक बाईला उपजत कळते. मी सासूबाईंना एवढेच सांगितले की, सुनेचा रोजच उपवास आहे असे समजा. त्या दिवसापासून तिचा तवा, परात, उलथना, फडके व पिठाचा डबा वेगळा झाला आणि वरच्या फळीवर गेला. तिची भाकर आधी, सर्वांच्या पोळ्या नंतर, असा क्रम ठरला. कणीक तिम्बण्याचे काम धाकट्या जावेने उचलले आणि रविवारी तिच्या यजमानांनी. रुग्ण हीच घराची अन्नपूर्णा असते, तेव्हा पथ्य तिच्या एकटीला सांगून भागत नाही. ते साऱ्या घराला सांगावे लागते. ती स्वतःसाठी निराळे मागत नाही आणि उरलेसुरले खाऊन उठते, हा आपल्या घरांचा जुना दोष या व्याधीत सरळ तपासणीच्या कागदावर उतरतो.

दैनंदिन आहारकल्पना

आरंभीच्या काही आठवड्यांत अस्तर नाजूक असते. तेव्हा जुन्या तांदळाची मंड, यवागू, विलेपी, ओदन ही आपली परंपरागत चढती पायरी उत्तम उपयोगी पडते. ग्रंथोक्त प्रमाणे, म्हणजे मंडास चौदापट, यवागूस सहापट, ओदनास पाचपट व विलेपीस चौपट पाणी, सर्वांस परिचित आहेत. ‘यवागू’ या शब्दातील यव पाहून कोणी जव वापरू नये, इतकीच सूचना. सोबत मुद्गयूष. या काळात काहींना दूध पचत नाही, कारण दुग्धशर्करा पचविणारे द्रव्यही त्याच अंकुरांवर तयार होते. अशांना ताजे, लोणी काढलेले तक्र बहुधा मानवते. पुढे सोसेल तसे दूध सुरू करावे.

त्यानंतरचे रोजचे ताट असे बसविता येते. सकाळी पोहे, भगरीचा उपमा, ज्वारीच्या कण्या किंवा तांदूळ व उडदाचे धिरडे. दुपारी भात, वरण, पालेभाजी, ताक आणि ज्वारीची वा तांदळाची भाकर. रात्री भाकर, झुणका किंवा पाटवडी, नाहीतर गोळाभात. मधल्या वेळी फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे, फळ. केवळ पांढऱ्या भातावर राहिल्यास लोह, तंतू व जीवनसत्त्वे कमी पडतात. म्हणून नाचणी, बाजरी, राजगिरा, तीळ, जवस व अंबाडीसारख्या पालेभाज्या यांचा जाणीवपूर्वक समावेश करावा. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास पूर्व विदर्भातील तळ्यांतले शिंगाडे बाजारात येतात; त्यांचे वाळवून केलेले पीठ वर्षभर उपयोगी पडते.

भाकर थापता न येणे ही मोठी तक्रार असते. ग्लुटेन नसल्याने पिठाला आपोआप चिकटपणा येत नाही; तो उष्णतेने आणावा लागतो. ज्वारीचे पीठ ताजे असावे, जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकर चिरते. ते चांगल्या ऊन पाण्यात भिजवून तळहाताने रगडून मळावे. तांदळाच्या भाकरीसाठी एक वाटी पाण्यास उकळी आणून त्यात मीठ व थोडे तेल घालावे, एक वाटी पीठ घालून ढवळावे, झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ द्यावी आणि गरम असतानाच मळून भाकर करावी. लाटून पातळ पोळीच हवी असेल तर दोन वाट्या मिश्र पिठात चहाचा एक चमचा इसबगोलची भुसी पाण्यात फुगवून मिसळावी. आपल्याच औषधालयातील हे द्रव्य डिंकाचे काम चोख करते आणि मळही बांधते.

सणवार आणि पंगत

रुग्णाचे पथ्य मोडते ते बहुधा सणाला, लग्नात आणि प्रसादाला. सर्वांच्या ताटात पुरणपोळी असताना तिने वरणभात खायचा, ही गोष्ट वैद्याला क्षुल्लक वाटली तरी तिला तशी वाटत नाही. म्हणून पर्याय हाताशी असावेत. पुरण तसेच तुपासोबत वाढावे किंवा तांदळाच्या उकडीत भरून मोदकाप्रमाणे वाफवावे. शिऱ्यासाठी भगर किंवा तांदळाचा रवा घ्यावा. दिवाळीत अनारसे, बेसनाचे व राजगिऱ्याचे लाडू, घरी दळलेल्या भाजणीची चकली चालते. भाजणीत गहू घातलेला नसावा. डिंकाच्या लाडवांत कणीक घालण्याची पद्धत अनेक घरी आहे, तेथे ती वगळून नाचणीचे पीठ भाजून घालावे.

पंगतीत भात-वरण निर्धोक वाटले तरी वाढप्याच्या एकाच हाताचा व पळीचा प्रश्न असतो. अशा वेळी घरून डबा नेणे उत्तम. प्रसादाचा शिरा कपाळाला लावून दुसऱ्याला द्यावा. नारळ, केळे, साखरफुटाणे यांत देवाला कमीपणा नाही, हे वैद्याच्या तोंडून ऐकले की वडीलधाऱ्यांना पटते.

माझी चूक

आता त्या चुकीविषयी. रुग्णेच्या घरून परत आल्यावर मी तिचा औषधपत्रक पुन्हा वाचला. आध्मानासाठी हिंग्वाष्टक चूर्ण ३ ग्रॅम, दोन वेळा, पहिल्या घासात तुपासोबत. गेले सहा महिने. चूर्ण माझ्याच दवाखान्यात तयार झालेले, त्यामुळे मला त्याचा अभिमान होता. हिंग कोठला, म्हणून फडताळ उघडले. बाजारातून आणलेली डबी होती. चष्मा लावून घटक वाचले: गव्हाचे पीठ, डिंक, हिंग.

खडा हिंग अत्यंत उग्र असतो, म्हणून व्यापारात तो पीठ व डिंक मिसळून सौम्य केला जातो. त्याला बांधणीचा हिंग म्हणतात. हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते, क्वचित तांदळाचे. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्याचा या रुग्णेशी संबंध मी जोडला नव्हता.

वाचकांनी हिशेब करून पाहावा. हिंग्वाष्टकात आठ द्रव्ये समभाग. ६ ग्रॅम दैनिक मात्रेत हिंग ७५० मिलिग्रॅम. त्यातील निम्मे गव्हाचे पीठ धरले तर ३७५ मिलिग्रॅम. पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरल्यास दररोज सुमारे ३७ मिलिग्रॅम ग्लुटेन. बहुतेक रुग्णांना दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंतचा अंश सोसतो असे मानले जाते, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दररोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर अस्तराची हानी दिसून आली होती. म्हणजे जिला मी पोळीच्या तुकड्यालाही शिवू नको म्हणून सांगत होतो, तिला मीच तुपात कालवून गहू चारत होतो. फोडणीतला चिमूटभर हिंग साऱ्या घरात वाटला जातो, त्याचा अंश अल्प असतो. औषधाची मात्रा मात्र एकटीच्या पोटात जाते, तीही रोज आणि श्रद्धेने.

मी तिला बोलावून ही गोष्ट स्पष्ट सांगितली. सांगताना जड गेले. तिने ऐकून घेतले व इतकेच विचारले, “म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना जी?” सहा महिने ती स्वतःलाच दोष देत होती.

औषधालयासाठी काही सूचना

या अनुभवानंतर मी माझ्या फडताळाची झडती घेतली. त्यातून निघालेले मुद्दे आपल्या विचारार्थ देतो.

१. हिंगयुक्त कल्प. हिंग्वाष्टक, शिवाक्षार पाचन, लशुनादि वटी, रजःप्रवर्तनी वटी इत्यादींसाठी खडा हिंगच घ्यावा व तो तुपात भाजून शुद्ध करूनच वापरावा. संशय असल्यास चिमूटभर हिंग पाण्यात उकळून, गार करून त्यात आयोडीनचा थेंब टाकावा. निळा रंग आल्यास त्यात पिष्ट आहे. ते गव्हाचे की तांदळाचे, हे या परीक्षेने कळत नाही, म्हणून असा हिंग या रुग्णांसाठी वगळावा. हिंग आजवर मुख्यतः अफगाणिस्तान, इराण व मध्य आशियातून येत आला आहे. हिमाचलातील लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूरच्या संशोधन संस्थेने त्याची पहिली लागवड केली, ही आशेची गोष्ट आहे.

२. यवयुक्त कल्प. अगस्त्य हरीतकीत यव शिजवून त्याचा काढा घेतला जातो. या रुग्णांना तो कल्प देऊ नये. प्रमेहासाठी आपण सर्रास यवाचा आहार सुचवितो. बालवयातील इन्सुलिनावलंबी प्रमेह आणि सीलिअ‍ॅक हे दोन व्याधी एकाच रुग्णात आढळण्याचा संभव अधिक असतो, तेव्हा तेथे विशेष सावध राहावे.

३. यवक्षार व भस्मे. यवक्षार हा जाळून काढलेला क्षार असल्याने त्यात प्रथिन उरत नाही. धातूंच्या शोधनात गव्हाच्या आरनालाचा उपयोग केला असला तरी पुटाग्नीनंतर भस्मात प्रथिनाचा प्रश्न राहत नाही. याबाबत रुग्णाला उगाच भिववू नये.

४. गव्हांकुर रस. पांडूमध्ये हा हौसेने दिला जातो. केवळ कोवळ्या पात्यात ग्लुटेन नसते असे म्हणतात, परंतु कापताना बी मिसळण्याची खात्री देता येत नाही. या रुग्णांत तो टाळावा.

५. गोळ्या व ग्रॅन्युल्स. गोळी बांधण्यासाठी वापरलेले स्टार्च मक्याचे, बटाट्याचे, तांदळाचे वा गव्हाचेही असू शकते. वेष्टनावर त्याचा उगम बहुधा लिहिलेला आढळत नाही. औषध विक्रेत्यांनी उत्पादकांकडे लेखी विचारणा करावी व उत्तरे एका वहीत जपून ठेवावीत. एका दुकानदाराच्या अशा वहीचा गावातील सर्व वैद्यांना उपयोग होईल.

६. खलबत्ता व चाळणी. स्वतः चूर्ण करणाऱ्यांनी आटा चाळण्याची चाळणी किंवा गिरणी औषधासाठी वापरू नये.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत आपल्याकडील नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असलेला पदार्थ ग्लुटेनमुक्त म्हणता येतो, आणि ग्लुटेनयुक्त धान्य असल्यास वेष्टनावर तसा उल्लेख करणे आवश्यक आहे. रुग्णाला ते वेष्टन वाचावयास शिकवावे. वाचता येत नसेल तर घरातील शाळकरी मुलाला शिकवावे. त्या रुग्णेच्या घरी हे काम तिची आठवीतील मुलगी करते आणि ती आमच्यापेक्षा दक्ष आहे. तिचीही तपासणी करून घेतली. ती निर्दोष निघाली.

उपसंहार

जाते उतरल्याला, तवा वेगळा झाल्याला आणि माझे चूर्ण बंद झाल्याला एक वर्ष झाले, तेव्हाच्या तपासणीत तिची प्रतिपिंडे सामान्य मर्यादेत आली होती. जे मंडूर पूर्वी वाया जात होते, त्यानेच आता रक्त भरून आणले. औषध तेच होते. ते शोषून घेणारी भूमी तेवढी पूर्ववत होत गेली.

संक्षेपतः चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, हे आपण पहिल्या वर्षापासून घोकतो. या व्याधीत त्याचा अर्थ किती बारकाईने घ्यावा लागतो, हे मला गिरणीच्या पात्याने, कुरडईच्या चिकाने आणि माझ्याच फडताळातील हिंगाच्या डबीने शिकविले. वाचकांस एकच विनंती. हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी आपल्या औषधालयातील हिंगाची डबी एकदा उलटून पाहावी आणि त्यावरील घटक वाचावेत.